हाललं की लागणारा दिवा

आमच्या ह्यांना दिवे बंद करण्याचं वेड आहे. वेड म्हणते ते उगीच नाही. गाणगापुरात आमचं आठ खोल्यांचं लॉज आहे, आणि लग्न होऊन मी उदगीरहून इथे आले तेव्हापासून या माणसाला एका जागी बसून चहा पिताना मी पाहिलेलं नाही. कप हातात आणि हे व्हरांड्यात. एक नंबरचा पंखा, तीन नंबरच्या बाथरूमचा बल्ब, सहा नंबरचा गिझर. खोलीला कुलूप, माणसं देवळात, आणि आत पंखा रिकाम्या खाटेला वारा घालतोय. मग हे आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडणार, बटन खाटकन दाबणार आणि समोर नसलेल्या त्या यात्रेकरूचा उद्धार कानडीत सुरू करून मराठीतून हैदराबादी उर्दूवर आणून संपवणार. चहा तोवर गार. तो परत गरम करायचा मी.

नाव सिद्धेश्वर, गावात सिद्धण्णा. माणूस वाईट नाही. कुणाची छत्री राहिली तर बस सुटायच्या आत स्टँडवर नेऊन देतील. कुणाचं मूल तापलं तर डॉक्टरला उठवून आणतील. पण रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचं डोकं फिरतं, आणि यात्रेकरू तर जणू ते फिरवायलाच येतात. लोक गिझर चालू करतात आणि आंघोळीला संगमावर जातात. मी खोटं सांगत नाही. पाणी इकडे उकळतंय आणि मंडळी तिकडे भीमेत डुबक्या मारताहेत. मोबाइल जागेवर नाही तरी चार्जर चालू. शेगड्या आणून खोलीतच खिचडी शिजवायला लागले तेव्हा ह्यांनी सगळ्या खोल्यांतले प्लगच बुजवून टाकले. मोबाइल चार्ज करायचा असेल तर आमच्या गल्ल्यापाशी येऊन करायचा.

"खोली भाड्यानं दिली म्हणजे वीज बी आंदण दिली का काय?" हे विचारायचे.

मीच समोर असायची, म्हणून मलाच विचारायचे. बिल आलं की दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. घरच्या मीटरला सरकारची सवलत आहे, धंद्याच्या मीटरला नाही, आणि त्याचा राग आमच्या वरण-भातावर निघायचा.

ह्यांना पुरून उरणारं एकच गिऱ्हाईक होतं. औराद तालुक्यातले आप्पाराव. शेती होती, तुरीचा व्यापार होता, आवाज मोठा होता. दरवर्षी दिवाळीनंतर बायकोला, राजूबाईंना, घेऊन यायचे आणि चार नंबरच्या खोलीत सात दिवसांचं पारायण करायचे. चार नंबर ही मधली खोली. बाहेर उघडणारी खिडकी नाही, त्यामुळे भरदिवसाही अंधार, पण रस्त्याचा आवाज येत नाही, म्हणून पारायणवाले तीच मागतात. आप्पाराव वाचायचे, राजूबाई शेजारी बसून ऐकायच्या. वाचन संपलं की आप्पाराव सगळे दिवे तसेच ठेवून जेवायला निघायचे, आणि व्हरांड्यात दोघांची जुंपायची.

"आप्पाराव, दिवा कोण बंद करावं?"

"तू हाईस की. तुला तरी काय काम हाय दुसरं?"

"बिल तुमी भरायलाव का?"

"अरे सिद्धण्णा, देवाच्या दारात येऊन उजेडाचा हिशोब करायलास, तुला काय म्हणावं?"

दोघंही मनापासून भांडायचे. आप्पाराव गेले की हे दोन दिवस उगीच चार नंबरपाशी घुटमळायचे, ते मला दिसायचं.

मागच्या वर्षी पारायणाच्या मध्यातच आप्पारावांच्या छातीत दुखायला लागलं. ह्यांनीच गाडी करून त्यांना कलबुर्गीला दवाखान्यात नेलं. आठवड्याने ते गेल्याची बातमी आली. पोथी चार नंबरमध्ये चौरंगावर उघडीच राहिली होती. मी ती फडक्यात बांधून औरादला पाठवली.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला राजूबाईंचा फोन आला. त्यांना तीच खोली हवी होती. एकट्या येणार, स्वतः वाचणार, मोडलेलं पारायण पहिल्यापासून करून पुरं करणार. पारायणाचा नियम आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या दिवसाचं वाचन होईपर्यंत आसनावरून उठायचं नाही आणि कुणाशी अक्षर बोलायचं नाही. उठलं किंवा बोललं की पारायण मोडलं, परत पहिल्या दिवसापासून. राजूबाईंचे गुडघे गेलेले. मुलगा पाठवायला तयार नव्हता, त्याच्याशी भांडून त्यांनी हे सात दिवस मिळवले होते.

"पुन्हा यायला जमंल असं वाटत न्हाई बाई," त्या मला म्हणाल्या. "ह्या खेपेला पार पडलं तर पडलं. न्हाई तर त्यांचं आर्धंच राह्यलं म्हणायचं."

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अक्का, तुमी नुसतं या. तुमचं पारायण पुरं करून पाठवायचं माझ्याकडं लागलं."

हे असा शब्द कुणाला देत नाहीत. दोन टॉवेल मागितले तर एक देणारा माणूस. फोन ठेवल्यावर त्यांनी त्याच दिवशी चार नंबरला चुना मारायला घेतला.

त्या चुन्याचे हात धुताधुताच त्यांना पेपरात जाहिरात दिसली. कलबुर्गीला प्रदर्शन. वीज वाचवणारी यंत्रं, घरासाठी नवनव्या वस्तू, प्रवेश मोफत. मी म्हटलं, राजूबाई यायच्या आत गाद्यांना ऊन दाखवायचंय, खोळी धुवायच्यात. ह्यांच्या कानात काही शिरेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते.

मैदानावर पांढरे तंबू, आत लाल गालिचे, वर ओळीने झुंबरांसारखे दिवे आणि एसी असा की मी पदर अंगभर घेतला. वीज वाचवा हे सांगायला एवढी वीज जाळलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ह्यांना मात्र ते दिसलं नाही. हे आत शिरले आणि हरवलेच.

काय नव्हतं तिथे? बटन दाबलं की आपोआप ढवळणारा कप होता. मी विकणाऱ्याला विचारलं, चमच्याला काय झालं? तो नुसता हसला. पाणी गरम असेल तर लाल आणि गार असेल तर निळी होणारी नळाची चकती होती. ते हाताला कळतंच की, म्हटलं, तर हे माझ्याकडे रागाने बघायला लागले. डोक्यावर सौर पट्टी आणि कपाळापुढे पंखा असलेली टोपी होती. ती ह्यांनी घालून पाहिली, आरशात पाहिली, आणि टोपीसकट पुढच्या दुकानापर्यंत गेले. विकणारा मागे धावला. एका ठिकाणी सायकल मारून मोबाइल चार्ज करायचा होता. हे घाम फुटेपर्यंत पायडल मारत होते आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होते. माझ्या पायांना गोळे आले. बसायला एक खुर्ची कुणी ठेवली नव्हती.

त्या सगळ्यात ह्यांनी काय घ्यावं? भिंतीच्या प्लगला लावायचं एक खोकं. लावलं की बिल कमी, असं तो विकणारा छातीवर हात ठेवून सांगत होता. कसं कमी, ते त्याला सांगता येईना. खोक्यावर एक हिरवा दिवा मात्र सारखा जळत होता. मी म्हटलं, "अवो, वीज वाचवायच्या खोक्यालाच दिवा, तो कोण बंद करावं?" ह्यांनी पैसे मोजले. मग दारात बसवायचं एक यंत्र. माणूस समोरून गेला की बाईच्या गोड आवाजात 'नमस्ते, आपका स्वागत है' म्हणतं. याने वीज कशी वाचते, विचारू नका. ह्यांना ते आवडलं.

आणि मग आम्ही मैत्रेयीच्या दुकानापाशी आलो. मैत्रेयी म्हणजे तिथली पोरगी, छातीवर नावाची पट्टी होती. कानडी बेंगळुरूची, निम्मी इंग्रजी. तिच्यापुढे बाहुलीच्या घराएवढं खोकं, त्यात छोटीशी खाट, छोटं टेबल आणि छताला वाटीएवढं पांढरं यंत्र.

"आत हात घाला, सर."

ह्यांनी हात घातला. दिवा लागला. हात काढला. थोड्या वेळाने दिवा आपणहून गेला.

ह्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. त्यांनी परत हात घातला, परत काढला. परत घातला. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, तरी हे घालतायत आणि काढतायत.

"खोलीत कुणी न्हाई ते ह्याला कसं कळतंय?" त्यांनी विचारलं.

"हालचाल, सर. काही हाललं की माणूस आहे. हालचाल थांबली की खोली रिकामी."

"आन माणूस झोपलाय समजा?"

"झोपलेल्याला दिवा कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, जणू मीच इतकी वर्षं हे त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. मग ती पोरगी सहज म्हणाली, "तुमच्या लॉजमध्ये लोक खोलीत काय काय करतात, सर? त्याप्रमाणे आम्ही वेळ लावून देतो."

"काय करत्यात?" हे म्हणाले. "येत्यात, सामान आदळत्यात, धिंगाणा घालत्यात आन दिवे चालू ठेवून जात्यात. वेळ तुमी कमीतली कमी लावा."

तिने तशी लावून दिली. आठ खोल्यांना, आठ बाथरूमना आणि व्हरांड्याला पुरतील एवढी यंत्रं घेऊन आम्ही परतलो. बसमध्ये त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. गाद्या तशाच राहिल्या होत्या, त्या मी दुसऱ्या दिवशी एकटीने गच्चीवर चढवल्या.

अफझलपूरहून मडिवाळप्पा वायरमन आला. त्याने यंत्रं छताला बसवली आणि विचारलं, "सिद्धण्णा, जुनी बटनं राहू देऊ का? कधी लागली तर?"

"बटन ठिवलं की परत चालू ठिवून जात्यात. काढून टाक."

मडिवाळप्पाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एखादं तरी राहू द्यावं." ह्यांनी ऐकलं नाही. बटनांच्या जागी भिंतीवर कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या बसल्या. छताजवळ चढून वायर जोडल्याशिवाय आता आमच्या लॉजमध्ये कुणालाही आपल्या हाताने दिवा लावता येणार नव्हता आणि बंदही करता येणार नव्हता. हे व्हरांड्यात मागे हात बांधून फिरत होते. पहिल्यांदा बसून चहा प्यायले. मला वाटलं, चला, एवढं तरी मिळालं.

ते सुख आठवडाभरही टिकलं नाही. दारातल्या गोड आवाजाने पहिला दणका दिला. गाणगापुरात लोक कसली कसली भीती मनात घेऊन येतात, हे इथल्या लहान मुलालाही सांगावं लागत नाही. सोलापूरकडचं एक कुटुंब आलं होतं, बरोबर भेदरलेली म्हातारी सासू. संध्याकाळी ती दारातून आत येतेय, तर रिकाम्या भिंतीतून बाई बोलली, 'नमस्ते, आपका स्वागत है.' आणि पुढच्या पावलाला व्हरांड्यातला दिवा आपोआप लागला. म्हातारीने जी बोंब मारली, ती मठापर्यंत ऐकू गेली असेल. त्यांनी बोचकीसुद्धा नीट बांधली नाहीत, तशीच उचलून शेजारच्या लॉजमध्ये गेले. ह्यांनी त्या यंत्रातले सेल काढले आणि कपाटात टाकलं. मी कपाटाचं दार लावलं. बोलायचं खूप होतं.

मग बाथरूम. पाच नंबरमधले एक गृहस्थ, वयस्कर, पोटाची तक्रार असलेले. बसले ते बसले. यंत्राला वाटलं, माणूस गेला, आणि दिवा बंद. आतून हाका सुरू झाल्या. बाहेर आल्यावर ते ह्यांना नाही नाही ते बोलले, आणि हे त्यांना काय म्हणाले?

"तिथं इतका येळ बसायचं कामून?"

तेव्हाच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण ह्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि मी खोळी धुण्यात होते.

राजूबाई आल्या. पुतण्या त्यांना सोडून त्याच बसने परत गेला. वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या. कपाळ मोकळं, हातात काठी, काखेत फडक्यात बांधलेली पोथी. ते फडकं मी ओळखलं. ह्यांनी त्यांना चार नंबरच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "अक्का, बटन शोधू नका. तुमी नुसतं आत या." त्या आत गेल्या आणि दिवा लागला. ह्यांनी असं पाहिलं की जणू सूर्यच उगवून दाखवला.

"बरं केलाव," त्या म्हणाल्या. "मला बटनं दिसत न्हाईत बी आता."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माझ्याबरोबर संगमावर आंघोळ करून आल्या. चौरंग मांडला, समई लावली, आसनावर बसल्या. गुडघे दुमडताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले होते, ते मी पाहिलं. एकदा बसल्या की मध्ये उठता येणार नव्हतं, आणि उठल्या असत्या तर परत बसता आलं नसतं. मी दार लोटून आले.

बऱ्याच वेळाने मी त्या बाजूने पाण्याची कळशी घेऊन जात होते. दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार. समईची वात तेवढी जळत होती, आणि तिच्या उजेडात राजूबाई दिसत होत्या. बोट पोथीच्या ओळीवर, मान खाली, अंग अजिबात हालत नव्हतं. वाचत नव्हत्या. समईच्या उजेडात अक्षर लागेल अशी त्यांची नजर राहिली नव्हती. उठता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. किती वेळ तशा बसल्या होत्या देव जाणे. वीज गेली, येईल, असं समजून त्या बोटाखालची ओळ सांभाळत बसल्या होत्या.

तेव्हा मला कळलं. बसून वाचणाऱ्या बाईचं फक्त बोट हालतं, आणि तेवढ्याने त्या यंत्राचं समाधान होत नाही. गाणगापुरात लॉज चालवणाऱ्या माणसाने, इथे लोक खोलीत काय करतात, याच्या उत्तरात पारायण सोडून बाकी सगळं सांगितलं होतं. मला इतका संताप आला की कळशी हातातून निसटली असती.

ह्यांना बोलावून आणलं. हे आले, आत डोकावले आणि सवयीने ह्यांचा हात दाराशेजारच्या भिंतीवर गेला. जन्मभर बंद करायला जाणारा हात पहिल्यांदा चालू करायला गेला होता, आणि तिथे कोरी पट्टी होती. हात तिच्यावरून दोनदा फिरला.

मग आमचं भांडण झालं, सगळं कुजबुजत.

"बटन काढू नका म्हणलं व्हतं."

"मडिवाळप्पाला फोन कर."

"तो अफझलपूरहून येईस्तोवर दुपार व्हईल. आन आला तरी त्यांच्या डोस्क्यावर स्टूल मांडून चढणार हाय का?"

"बॅटरीचा दिवा आण."

बॅटरीचा दिवा मी आणला. तो लागला नाही. चार्जिंगला लावला की हेच येता-जाता काढून ठेवतात, उगीच वीज खातो म्हणून. मी तो त्यांच्या हातात दिला आणि फक्त बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

शेवटी ह्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्याचा उजेड लावला आणि दारात उभं राहून हात उंच केला, की लांबून तरी पोथीवर पडेल. हात वर, त्या वाटीच्या टप्प्यात गेला आणि छताचा दिवा लागला.

राजूबाईंनी मान वर केली नाही. बोट पुढे सरकलं, ओठ हालायला लागले. ह्यांनी हात खाली घेतला. आम्ही दोघं न हालता उभे. थोड्या वेळाने दिवा गेला. ओठ थांबले. ह्यांनी हात हालवला. दिवा आला.

मग ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दारातच उभं राहून हालवायला सुरुवात केली. देवावर चवरी ढाळावी तसा, इकडून तिकडे. मधून मधून हालवला असता तरी भागलं असतं. पण त्यांचा त्या यंत्रावर आता कवडीचा विश्वास नव्हता. एक हात दुखला की दुसरा. चेहऱ्यावर भक्ती वगैरे काही नव्हती, नुसती चडफड होती. दात आवळलेले, मान ताठ, डोळे छताच्या त्या वाटीवर. तोंडाने बोलता येत नव्हतं म्हणून डोळ्यांनीच तिला शिव्या देत होते. तिकडे गल्ल्यावर माणसं किल्ल्यांसाठी हाका मारत होती, फोन वाजत होता. मी म्हटलं, आणा इकडं, मी हालवते, तुमी गल्ल्यावर जावा. त्यांनी टॉवेल सोडला नाही. मला हातानेच सांगितलं, जा.

मी ये-जा करत राहिले. प्रत्येक वेळी पाहिलं तर हे तिथेच. आठ नंबरवाले जाता जाता थांबून विचारायला लागले, सिद्धण्णा, माश्या हाकलायलाव का? ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे विचारायचे राहिले.

ऊन व्हरांड्यात आलं तेव्हा राजूबाईंनी पोथी मिटली, नमस्कार केला आणि मोठा श्वास सोडला. दिवस पार पडला होता. त्या उठल्या नव्हत्या, बोलल्या नव्हत्या. मला रडूच आलं. ह्यांचा हात मात्र अजून हालतच होता. मी धरून खाली केला.

त्यांना उठायला मी हात दिला आणि खाटेवर बसवलं. हे लगेच स्टूल घेऊन आले, पाना-पक्कड घेऊन आले, चढले आणि ती वाटी उपसायला लागले. आता बोलायची मुभा होती, त्यामुळे सकाळपासून साचलेलं सगळं बाहेर पडलं. त्या यंत्राला, प्रदर्शनाला, मैत्रेयीला, तिच्या बेंगळुरूला. राजूबाई खालून बघत होत्या.

"अक्का, माझं चुकलं," हे शेवटी म्हणाले. "ह्या भिकारड्या यंत्राला मी घरात आणलो. जितंजागतं माणूस समोर बसलंय, आन हे समजायलंय की खोलीत कुणीच न्हाई."

राजूबाईंनी पोथीच्या फडक्याची गाठ मारली.

"त्याला कामून शिव्या द्यायलाव?" त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून मी बसते त्या खोलीत कुणी न्हाई असं मला बी वाटायलंय."

 हे ती वाटी हातात घेऊन स्टुलावरून खाली उतरले आणि मडिवाळप्पाला फोन लावायला बाहेर गेले.

संध्याकाळी मडिवाळप्पाने चार नंबरला बटन लावून दिलं. साधा दिवा, साधं बटन. आता कुणी काही हालवायची गरज नव्हती. तरी पुढचे सहा दिवस राजूबाई आसनावर बसल्या की हे चटई घेऊन जायचे आणि त्यांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, मांडी घालून बसायचे. गल्ल्यावरचं सगळं मी एकटीने ओढलं आणि एकदाही कुरकुरले नाही. सातव्या दिवशी राजूबाईंनी पोथी मिटली तेव्हा हे त्यांच्या शेजारीच बसलेले होते.